कर्करोगाला 'ब्रेक' लावणारे जनुक : शक्यता आणि सिद्धता यांतील अंतर

लखनौच्या मानक नगरात रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना, म्हणजेच आरडीएसओ, आहे. 'मानक' म्हणजे प्रमाण. धावत्या गाडीला ठरलेल्या अंतरात थांबवता येते की नाही, हे येथील अभियंते वेग, भार आणि मार्ग बदलून पुन्हापुन्हा तपासतात. ब्रेक कागदावर उत्तम आहे एवढ्यावर कोणतीही गाडी प्रवाशांसाठी रुळांवर आणली जात नाही. कर्करोगाच्या संशोधनात गेली चार दशके 'ब्रेक' हाच शब्द वारंवार वापरला जातो. पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या जनुकांना शास्त्रज्ञ अर्बुद-रोधक जनुके म्हणतात. असे एखादे जनुक सापडल्याची बातमी आली की, कर्करोगावर औषध सापडल्याची चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात तेथून औषधापर्यंतचा मार्ग किती लांबचा असतो, हे पुण्यात अभ्यासल्या गेलेल्या एका मानवी जनुकाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

या जनुकाचे नाव 'स्मार-१'. मानवी जनुकांच्या अधिकृत यादीत ते 'बीएएनपी' या नावाने ओळखले जाते. मानवाच्या सोळाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाकडे त्याचे स्थान आहे. स्तनाच्या कर्करोगात गुणसूत्राचा हा भाग अनेकदा गळून पडलेला आढळतो. त्यामुळे तेथे एखादे संरक्षक जनुक असावे, असा संशोधकांचा कयास होता.

पुण्यातील संशोधन

स्मार-१ या प्रथिनाचे पहिले वर्णन २००० साली प्रसिद्ध झाले. पुढे पुणे विद्यापीठाच्या परिसरातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. समित चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. हे प्रथिन पेशीकेंद्रात राहते आणि डीएनएच्या विशिष्ट भागांना चिकटून इतर जनुकांचे कार्य चालू किंवा बंद करते. २००३ साली या गटाने मांडलेल्या निष्कर्षानुसार, स्मार-१ हे 'पी-५३' या सुप्रसिद्ध संरक्षक प्रथिनाशी थेट जोडले जाते, पेशीविभाजनाचा वेग मंदावते आणि उंदरांमधील गाठीची वाढ लांबवते. २००५ साली त्यांनी आणखी एक दुवा दाखवून दिला. पेशीला विभाजनाकडे ढकलणाऱ्या 'सायक्लिन डी-१' या प्रथिनाचे जनुक स्मार-१ दाबून ठेवते, असे त्या अभ्यासात म्हटले होते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो २००७ सालचा शोधनिबंध. त्यात तीन गोष्टी मांडल्या होत्या. पहिली, स्मार-१ हे जनुक स्वतःच पी-५३ च्या हुकमतीखाली असते. पेशीतील डीएनएला इजा झाली की पी-५३ त्याला जागे करते आणि जागे झालेले स्मार-१ उलट पी-५३ ला बळ देते. दुसरी, स्तनाचा कर्करोग जसजसा बळावत जातो तसतसे स्मार-१ चे प्रमाण झपाट्याने घटते. तिसरी, हे प्रथिन कर्करोगी पेशींचे स्थलांतर रोखते. पेशींना हालचालीचा संदेश देणारी 'टीजीएफ-बीटा' ही साखळी आणि पेशींना आधाराला धरून पुढे सरकण्यास मदत करणारे रेणू यांच्यावर ते अंकुश ठेवते, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. गाठीची वाढ आणि पेशींची भटकंती या दोन्हींवर एकाच जनुकाचा ताबा असू शकतो, ही शक्यता त्यामुळे पुढे आली.

याच सुमारास स्मार-१ चा एक छोटा तुकडा, 'पी-४४' नावाची लघुप्रथिन-साखळी, वापरून उंदरांमधील गाठींवर परिणाम साधता येतो, असेही या गटाने प्रसिद्ध केले. २०१५ साली आणखी एक पैलू समोर आला. पेशीच्या पृष्ठभागावरील 'सीडी-४४' या प्रथिनाची जी रूपे कर्करोगी पेशींच्या आक्रमकतेशी निगडित आहेत, त्यांच्या निर्मितीवर स्मार-१ नियंत्रण ठेवते, असे त्या अभ्यासातून सूचित झाले.

'ब्रेक'ची कल्पना कोठून आली?

कर्करोग म्हणजे पेशींच्या वाढीचा 'वेगवर्धक' अडकून बसणे, अशी समजूत एके काळी प्रबळ होती. १९७१ साली अमेरिकेतील आल्फ्रेड नुडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यांच्या कर्करोगाच्या आकडेवारीवरून वेगळी मांडणी केली. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात. एक मातेकडून आणि एक पित्याकडून आलेली. दोन्ही प्रती निकामी झाल्या तरच गाठ निर्माण होते, असे त्यांनी सुचवले. काही मुले एक सदोष प्रत घेऊनच जन्माला येतात आणि म्हणून त्यांना हा आजार लवकर व अनेकदा दोन्ही डोळ्यांना होतो. १९८६ साली हे जनुक प्रत्यक्ष वेगळे करण्यात आले आणि नुडसन यांची कल्पना खरी ठरली.

पी-५३ ची कथा याहून उद्बोधक आहे. १९७९ साली सापडलेले हे प्रथिन सुरुवातीला कर्करोग घडवणारे मानले जात होते. ते वस्तुतः कर्करोग रोखणारे आहे, हे सिद्ध होण्यास १९८९ साल उजाडावे लागले. प्रयोगशाळांमध्ये वापरल्या गेलेल्या प्रतीच सदोष होत्या, हे त्या दशकभराच्या गैरसमजाचे मोठे कारण होते. आज मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पी-५३ चे जनुक बिघडलेले आढळते. जगातील सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या जनुकाबाबतही शास्त्रज्ञांची दिशा दहा वर्षे चुकली होती, ही बाब नव्या जनुकांच्या बातम्या वाचताना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

स्थलांतर हाच खरा धोका

गाठ जागच्या जागी राहिली तर शल्यचिकित्सक ती काढून टाकू शकतात. कर्करोगाने होणाऱ्या बहुतांश मृत्यूंमागे मूळ गाठ नसते. तिच्यातून सुटून फुप्फुसे, यकृत, हाडे किंवा मेंदूत पोहोचलेल्या पेशी प्राणघातक ठरतात. त्यासाठी पेशीला शेजाऱ्यांशी असलेले बंध तोडावे लागतात, भोवतालचे आवरण भेदावे लागते, रक्तात किंवा लसीकेत तग धरावा लागतो आणि परक्या अवयवात नव्याने बस्तान बसवावे लागते. यांपैकी प्रत्येक टप्प्यावर वेगवेगळी जनुके काम करतात.

गाठीची वाढ रोखणारी आणि पेशींचा प्रसार रोखणारी जनुके एकच असली पाहिजेत, असे नाही. १९८८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील पॅट्रिशिया स्टीग आणि सहकाऱ्यांनी 'एनएम-२३' हे जनुक शोधले. ते मूळ गाठीच्या आकारावर फारसा परिणाम न करता प्रसार रोखणारे पहिले जनुक ठरले. स्मार-१ बद्दलचे कुतूहल यामुळेच अधिक आहे. त्याच्याबाबत दोन्ही गुणांचा दावा करण्यात आला आहे.

लखनौमध्येच या प्रश्नाची दुसरी बाजू अभ्यासली गेली. मानक नगरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, जानकीपुरम विस्तारात, केंद्रीय औषध संशोधन संस्था आहे. १९५१ साली गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये सुरू झालेल्या या संस्थेतील डॉ. दीपक दत्ता यांच्या गटाने २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन ग्राहकांचा अभाव असलेला, 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणून ओळखला जाणारा स्तनाचा कर्करोग पोटाच्या आवरणात कसा पसरतो, हा त्याचा विषय होता. 'ईझेडएच-२' हे प्रथिन एरवी जनुकांना गप्प करणारे म्हणून ओळखले जाते. या कर्करोगात मात्र ते 'केआरटी-१४' या जनुकाला सक्रिय करते आणि त्यातून प्रसाराला चालना मिळते, असे या गटाला आढळले. ईझेडएच-२ ला अडवणाऱ्या औषधाने उंदरांमधील हा प्रसार कमी झाला.

पुण्यातील जनुक पेशींना रोखणारे, तर लखनौतील जनुक पेशींना पळवणारे. औषधनिर्मितीच्या दृष्टीने हा भेद निर्णायक आहे. अतिउत्साही प्रथिनाला अडवणारा रेणू तयार करणे तुलनेने सोपे असते. हरवलेले प्रथिन कोट्यवधी पेशींमध्ये पुन्हा पोहोचवणे अत्यंत कठीण असते.

एकाच जनुकाचे दोन चेहरे

स्मार-१ बाबतचे चित्र २०२१ साली अधिक गुंतागुंतीचे झाले. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील फ्रीडरिश मिशर संस्थेच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात याच प्रथिनाविषयी, बीएएनपी या नावाने, वेगळा निष्कर्ष मांडला. डीएनएवरील एका विशिष्ट अक्षरक्रमाला हे प्रथिन चिकटते, तेथील गुंडाळी उलगडते आणि पेशीच्या जगण्यासाठी आवश्यक अशा अनेक जनुकांना चालना देते, असे त्यांनी दाखवले. त्या अक्षरक्रमावर मिथाइलचा रासायनिक शिक्का बसला असेल, तर मात्र ते तेथे चिकटू शकत नाही. हे प्रथिन पूर्णपणे काढून घेतले तर पेशींचे जगणेच धोक्यात येते.

म्हणजेच पुण्याच्या अभ्यासांत प्रामुख्याने जनुकांना दाबणारे म्हणून दिसलेले प्रथिन बाझेलच्या अभ्यासात जनुकांना जागवणारे म्हणून दिसले. या दोन निष्कर्षांत विसंगती असलीच पाहिजे असे नाही. एकच प्रथिन वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या सोबत्यांसह वेगवेगळी कामे करू शकते. टीजीएफ-बीटा ही साखळीही आजाराच्या आरंभी वाढ रोखते आणि नंतरच्या अवस्थेत प्रसाराला मदत करते, हे सर्वमान्य आहे. तथापि, ज्या जनुकाशिवाय निरोगी पेशीही जगू शकत नाही, त्याला केवळ 'कर्करोगाचा ब्रेक' म्हणणे अपुरे ठरते, एवढे या संशोधनाने निश्चित केले.

ब्रेक अधिक घट्ट आवळण्याचीही किंमत असते. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी पी-५३ अतिसक्रिय असलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या उंदरांना कर्करोग कमी झाले, परंतु ते अकाली म्हातारे झाले. पेशींची वाढ ही शरीराची गरज आहे. ती सरसकट थांबवणे हा उपाय होऊ शकत नाही.

जनुकापासून औषधापर्यंत

बिघडलेल्या ब्रेकच्या जागी नवा ब्रेक बसवण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत पी-५३ चे जनुक गाठीत सोडणाऱ्या 'जेंडिसिन' या औषधाला चीनने २००३ साली डोके व मान यांच्या कर्करोगासाठी परवानगी दिली. जगात परवानगी मिळालेले ते पहिले जनुक-उपचार औषध मानले जाते. अशाच तत्त्वावरील 'अॅडव्हेक्सिन' या अमेरिकी औषधाचा अर्ज मात्र तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली विचारार्थ स्वीकारलाच नाही आणि काही महिन्यांतच ते विकसित करणाऱ्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तत्त्व तेच असूनही पुराव्याच्या मोजमापात दोन देशांचे निर्णय वेगळे झाले.

जनुक बाहेरून घालण्याऐवजी पेशीतील निद्रिस्त जनुकाला जागे करणे हा दुसरा मार्ग आहे. कोलकात्यातील संशोधकांनी २०२० साली स्मार-१ च्याच संदर्भात असा प्रयोग प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगातील मूलपेशींसारख्या चिवट पेशींमध्ये स्मार-१ दबलेले असते आणि अॅस्पिरिनमुळे ते पुन्हा वर येऊन त्या पेशी रसायनोपचाराला प्रतिसाद देऊ लागतात, असे त्यात म्हटले होते. घरोघरी असलेल्या स्वस्त गोळीचे नाव आल्यामुळे अशा निष्कर्षाकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे.

परंतु येथेच प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांतील अंतर दिसून येते. स्तनाच्या कर्करोगावरील उपचार झालेल्या सुमारे ३,००० रुग्णांवर अमेरिकेत अॅस्पिरिनची चाचणी घेण्यात आली. निम्म्या रुग्णांना रोज ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन आणि उर्वरितांना औषधविरहित गोळी देण्यात आली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, आजार उलटण्याचा धोका अॅस्पिरिनमुळे कमी झाला नाही. कोलकात्याच्या प्रयोगातील प्रश्न आणि या चाचणीतील प्रश्न तंतोतंत एक नव्हते. तरीही काचेच्या बशीतील पेशींना लागू पडणारा उपाय माणसाला लागू पडेलच असे नाही, हा धडा त्यातून मिळतो. रक्तस्रावाचा धोका असलेली ही गोळी केवळ बातमी वाचून सुरू करणे किती अनाठायी ठरेल, हेही स्पष्ट होते.

आज प्राण वाचवणारे उपाय

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार, २०२२ या एका वर्षात भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख १० हजार नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी स्तनाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांची संख्या १ लाख ९२ हजार आणि मृतांची संख्या ९८ हजारांच्या घरात होती. यातील अनेक स्त्रिया आजार बळावल्यानंतरच रुग्णालयात पोहोचतात.

या आकड्यांच्या पार्श्वभूमीवर मुंबईतील दोन चाचण्या लक्षणीय ठरतात. टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी ठरावीक काळाने स्त्रियांची स्तनतपासणी हाताने केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तपासणी झालेल्या गटात गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या. सर्व वयोगटांचा एकत्रित विचार करता मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेशी ठरली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मात्र स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

दुसरी चाचणी थेट पेशींच्या स्थलांतराशी संबंधित आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली जात असताना काही पेशी सुटून पसरत असाव्यात, असा तर्क होता. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांवर ही चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती भूल देण्याचे नेहमीचे औषध टोचण्यात आले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के, तर इतरांमध्ये ८६.४ टक्के होते. हे औषध जुने, पेटंटमुक्त आणि अत्यंत स्वस्त आहे. पेशींचे वर्तन समजून घेणारे मूलभूत संशोधन आणि रुग्णाच्या खाटेजवळचा साधा उपाय यांची सांगड कशी घातली जाऊ शकते, याचा हा नमुना होय.

मूलभूत संशोधनाचे मोल

याचा अर्थ जनुकांच्या अभ्यासावरील खर्च व्यर्थ आहे, असा मुळीच नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर पेशी जगवून कोणाला बरे करता येणार, असा प्रश्न त्या काळीही विचारता आला असता. परंतु त्याच परंपरेतून उभ्या राहिलेल्या संस्थांच्या बळावर भारतीय तंत्रज्ञानाने विकसित झालेल्या पहिल्या कार-टी पेशी उपचाराला २०२३ साली परवानगी मिळाली. मुंबई आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून तो साकारला. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत जनुकीय बदल करून त्यांना कर्करोगाविरुद्ध उभे करण्याचे हे तंत्र ज्ञानाच्या अनेक पायऱ्यांवर उभे आहे आणि त्यांतील पुष्कळशा पायऱ्या घडल्या तेव्हा निरुपयोगी भासल्या असतील.

स्मार-१ बाबत आज एवढेच म्हणता येते. हे जनुक पेशींच्या वाढीवर आणि हालचालीवर प्रभाव टाकते, याचे अनेक प्रयोगशाळीय संकेत आहेत. स्तनाच्या कर्करोगात त्याचे प्रमाण घटत असल्याचे निरीक्षण महत्त्वाचे आहे आणि ते रोगाची तीव्रता ओळखण्यास उपयोगी पडू शकेल. मात्र पहिल्या वर्णनाला दोन तपांहून अधिक काळ लोटूनही त्यावर आधारित औषध रुग्णांपर्यंत पोहोचलेले नाही. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे केलेली पडताळणी, निरोगी पेशींवरील परिणामांचा अभ्यास आणि अखेरीस माणसांवरील चाचण्या या पायऱ्या त्यापुढे आहेत.

मानक नगरात ब्रेकला प्रमाणपत्र देण्यापूर्वी प्रत्यक्ष रुळांवर, प्रत्यक्ष भारानिशी गाडी थांबवून दाखवावी लागते. जनुकाच्या बातमीत येणाऱ्या 'असू शकते' या शब्दांचा अर्थ असा की, ही चाचणी अद्याप व्हायची आहे. ती पूर्ण होईपर्यंत स्तनात गाठ जाणवलेल्या स्त्रीसाठी बातमीची वाट पाहण्यापेक्षा त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाणे अधिक हिताचे आहे. तिला तेथवर पोहोचणे सुकर करणे, ही प्रयोगशाळांइतकीच आरोग्य यंत्रणेचीही जबाबदारी आहे.